बाईंनी शिकवलेलं डिटॅच्ड बटनहोल

भरतकामाच्या तासाला शिकलेला एक टाका अजून माझ्या हातात आहे, त्यामुळे शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत लिही म्हटल्यावर मला दुसरा विषय सुचलाच नाही. डिटॅच्ड बटनहोल. नीडललेस म्हणजे नुसत्या सुई-दोऱ्याने केलेली लेस, आणि तिचा हा मुख्य टाका. काजं करताना आपण घालतो तोच, पण यात सुई कापडात जातच नाही, फक्त कडेच्या टीपेत अडकते, मधली सगळी जाळी कापडाच्या वर सुटी राहते, तिच्याखालून सुई आरपार सरकवता येते.

बाकीचे टाके, साखळी घ्या नाहीतर गाठीचा, कापड सांभाळून घेतं. दोरा जरा कमीजास्त ओढला गेला तरी कापडाचा धरून ठेवायला आधार असतो. इथे तो आधारच नाही, एक फास सैल पडला की त्याच्या खालचा सैल, मग त्याच्या खालचा, आणि चार ओळी खाली गेल्यावर कळतं की गडबड वर कुठेतरी झालेली आहे. म्हणून हा टाका समजायला पाच मिनिटं लागतात आणि हातात बसायला कितीतरी महिने. वर्गात सगळ्यांचं तसंच चाललेलं असायचं.

बाईंचं मोठेपण मला आता कळतं. त्यांनी आम्हाला बारीक दोरा दिलाच नाही सुरुवातीला. जाड सुती दोरा, मोठ्ठी बोथट टोकाची सुई, आणि कापडाऐवजी पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या चौकोनाला कडेने भोकं पाडून त्यातून उलटी टीप घालायची, झाली चौकट तयार. फास एवढा मोठा पडायचा की दोरा कुठून निघतो आणि कुठे जातो ते मागच्या बाकावरूनही दिसायचं.

मग ओळ. डावीकडून सुरुवात, वरच्या टीपेच्या प्रत्येक टाक्यातून सुई वरून खाली काढायची, दोरा सुईच्या टोकाखाली ठेवायचा, आणि फास बसेल इतकंच ओढायचं. उजवी कड आली की कडेच्या टाक्याखालून सुई काढून दोरा सरळ आडवा परत डावीकडे न्यायचा, तिथल्या कडेत अडकवायचा, आणि पुढच्या ओळीत वरचा फास अधिक हा आडवा दोरा असं दोन्ही एकत्र सुईवर घ्यायचं. आडवा दोरा घेतला की जाळी दाट आणि भरीव होते, नाही घेतला की मोकळी, झिरझिरीत. पानाचा आकार हवा असेल तर ओळीच्या टोकाला एका फासात दोन टाके घालून रुंदी वाढवायची, नाहीतर एक फास सोडून कमी करायची. बाई वर्गात फिरत फिरत एकच वाक्य म्हणायच्या, "ओढू नकोस गं, बसू दे त्याला." त्या हात धरून कधी शिकवायच्या नाहीत, बाजूला उभं राहून आपल्या पुठ्ठ्यावर करत राहायच्या आणि आम्ही बघून बघून करायचो.

अजून दोन-तीन गोष्टी त्यांनी पक्क्या करून घेतल्या. ओळ सुरू करण्याआधी दोरा पूर्ण ओळीला पुरेल का ते बघायचं, कारण नवा दोरा कडेलाच जोडायचा, मधे गाठ आली की ती लपत नाही. सुई टोकाकडून दोऱ्यात घुसत असेल तर उलटी धरून नेढ्याकडून घालायची. आणि दोऱ्याला पीळ चढला की सुई सोडून द्यायची, ती लोंबकळत गरागरा फिरते आणि पीळ आपोआप उतरतो. आम्हाला ते बघायला फार आवडायचं, सगळा वर्ग एकदम सुया सोडून बसायचा.

पुठ्ठ्यावर हात बसल्यावरच खरी लेस. दोन कापडं एकावर एक ठेवून त्यावर कागदावरचं डिझाईन टाचायचं, डिझाईनच्या रेषेवरून एक जाड दोरा ठेवून तो छोट्या टाक्यांनी दोन्ही कापडांत पक्का करायचा, आणि मग फक्त त्या दोऱ्याच्या आधाराने आत जाळी भरायची. शेवटी दोन कापडांच्या मधे कात्री घालून ते छोटे टाके कापले की लेस सुटून वर येते, दोऱ्याचे तुकडे चिमट्याने काढायचे. माझं पहिलं पान असं सुटून तळहातावर आलं तेव्हा मी कितीतरी वेळ ते उलटंपालटं करून बघत होते, कापडाचा एक धागा नाही त्यात, सगळं मीच केलेलं!

पुढे मी या लेसबद्दल मिळेल ते वाचत गेले. इटलीत व्हेनिसजवळ बुरानो नावाचं बेट आहे, तिथली लेस एकेकाळी युरोपभर नावाजलेली होती पण नंतर कला जवळजवळ संपली. 1872 मध्ये मासेमारी बंद पडून लोकांचे फार हाल झाले तेव्हा त्यांना काम मिळावं म्हणून तिथे लेसची शाळा काढायचं ठरलं, आणि तेव्हा जुना टाका येणाऱ्या एकच वृद्ध बाई उरल्या होत्या, चेन्चा स्कार्पारिओला. त्यांना समजावून शिकवता येत नव्हतं, तेव्हा बेटावरच्या शाळेतल्या शिक्षिका आन्ना बेल्लोरिओ देस्ते त्यांच्याजवळ बसून हात बघत राहिल्या, स्वतः शिकल्या आणि मग मुलींना शिकवलं. हे वाचताना मला आमच्या बाईच दिसत होत्या. फ्रान्समधल्या आलाँसाँच्या लेसला 2010 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, तिथे एका चौरस सेंटीमीटरला सात तास लागतात आणि ती करणारी पूर्ण तयार व्हायला सात ते दहा वर्षं. मला ते आकडे वाचून अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

आता ऑनलाइन या टाक्याचे भरपूर व्हिडिओ आहेत आणि छान आहेत, पण बरेच जण थेट बारीक दोऱ्यावर सुरू करतात, फास धड दिसत नाही, शिकणारी कंटाळते आणि सोडून देते. माझ्याकडे कोणी शिकायला आलं की मी आधी पुठ्ठाच हातात देते, आणि ज्यांना वाटतं आपल्या हाताला हे जमणार नाही त्यांचाही टाका बसतो, मी बघितलंय.

शाळेला एक विनंती आहे. महोत्सवाच्या वर्षात आठवड्यातून एक तास मला द्या, कुठल्याही इयत्तेचा चालेल, मुलगे-मुली दोघंही बसू देत. पुठ्ठे भोकं पाडून मी तयार करून आणीन, दोरा आणि सुयाही माझ्याकडे आहेत, फक्त चांगला उजेड येणारी खोली हवी.