ऑक्टाव्हिया आरएसला खरा आवाज मिळवून देताना

२०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस मी वापरलेली घेतली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद, ३५० न्यूटन मीटर टॉर्क. आमच्या वरुड तालुक्यात संत्र्याच्या गाड्या, ट्रॅक्टर आणि पिकअप यांच्यात ही गाडी उठून दिसते. पळण्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मन अडकलं ते आवाजात.

स्पोर्ट मोडला टाकली की आत बसलेल्याला भारदस्त घुमारा ऐकू यायचा. एकदा धाकट्या भावाला चालवायला देऊन मी बागेच्या धुऱ्यावर उभा राहिलो. गाडी समोरून गेली आणि कानावर आला तो फक्त टायरांचा सरसराट. मग वाचायला लागलो तेव्हा कळलं की या गाडीत समोरच्या काचेच्या बुडाशी कंपन निर्माण करणारा एक भाग असतो. परफॉर्मन्स साउंड जनरेटर हे त्याचं कंपनीचंच नाव. आतला बराचसा घुमारा त्याच्या जोरावर येतो. त्यात गैर काही नाही, बऱ्याच गाड्यांत अशी सोय असते. पण मला इंजिनाचाच आवाज ऐकायचा होता. म्हणून पहिलं काम केलं ते जनरेटर बंद करण्याचं. तो चालू असताना कुठला आवाज पाइपातून येतो आणि कुठला काचेतून, हे कुणालाच ओळखता येणार नाही. एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या पाइपांचा, विचार करणाऱ्या प्रत्येकाने आधी एवढं करावं, असं माझं ठाम मत आहे.

या इंजिनाचा बाहेरचा आवाज मुळातच दबलेला का, हेही समजून घेतलं. सिलिंडरमधून सुटणारा गॅस आधी टर्बोच्या पात्यांवर आदळतो आणि त्याचा बराच जोश तिथेच ओसरतो. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग मधला रेझोनेटर आणि शेवटी मागचा मोठा मफलर. प्रत्येकाचं काम वेगळं आहे. कॅट धूर साफ करतो आणि जाता जाता आवाजाची धारही बोथट करतो. रेझोनेटर ठरावीक पट्ट्यातला कर्कशपणा खातो. आवाजाची एकूण पातळी खाली आणतो तो मागचा मफलर. हा हिशेब डोक्यात बसला आणि निम्मी निवड तिथेच झाली: कॅट आणि रेझोनेटरला हात लावायचा नाही, बदलायचा तो मागचा डबा.

अमरावतीच्या एका दुकानात मात्र उलटाच सल्ला मिळाला. "दादा, कॅट काढून टाका, मधी सरळ पाइप देतो, गाडी कशी गरजते पाहा." मी नाही म्हणालो. कॅट काढला की त्याच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला धूर साफ झालेला दिसत नाही आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. पीयूसीची चिंता वेगळीच. शिवाय न जळलेल्या पेट्रोलचा उग्र वास घरासमोर, लेकरांच्या नाकात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली ध्वनी आणि वायुप्रदूषणाचे निकष मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, लायसनही तीन महिने जाऊ शकतं. कारसाठी नियमातली मर्यादा ७४ डेसिबल आहे, साडेसात मीटरवरून चालत्या गाडीची मोजलेली. ती मोजणी गावात करता येत नाही, हे खरं. म्हणून मी ठरवलं की मूळ आवाजापेक्षा फार वर जायचंच नाही.

मिलटेक, रेमस अशा युरोपातल्या कंपन्या या गाडीसाठी कॅटच्या मागची एक्झॉस्टची पूर्ण लाइन बनवतात. त्यातही रेझोनेटरसह आणि रेझोनेटरशिवाय असे प्रकार मिळतात. दोन्हींच्या कितीतरी क्लिप मी हेडफोन लावून ऐकल्या. रेझोनेटर नसलेली लाइन उभ्या गाडीत छान वाटते, पण तीन हजार आरपीएमच्या वर आवाजात किरकिर शिरते. रेझोनेटर असलेली ऐकली की वाटे, हाच आपला आवाज. पण लाइनची किंमत, वर आयातीचा खर्च आणि मग बसवणाऱ्याचा शोध, हे गणित बागेच्या उत्पन्नाशी जुळेना.

मग गावाजवळचा आमचा फॅब्रिकेशनवाला मिस्त्री आठवला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, फवारणी पंपांचे स्टँड, डेअरीच्या स्टेनलेस टाक्यांची दुरुस्ती, असं त्याचं रोजचं काम. टाक्यांमुळे आर्गन वेल्डिंगवर त्याचा हात बसलेला. गाडी रॅम्पवर चढवून त्याने बॅटरीच्या उजेडात पूर्ण लाइन पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, बिचातला डबा ऱ्हाऊ द्या. तो काढसान तं आवाज फाटन." बिचातला डबा म्हणजे रेझोनेटर. कुठलीही क्लिप न ऐकता माणूस तिथेच पोचला होता. काम त्यालाच द्यायचं, हे माझं त्या क्षणी ठरलं.

मफलरचे मुख्य प्रकार दोन. एकात आत कप्पे असतात, गॅस वळणं घेत जातो आणि आवाज एकमेकांत आपटून कमी होतो. दुसऱ्यात भोकं पाडलेली सरळ नळी असते आणि तिच्याभोवती काचेची किंवा स्टीलची लोकर भरलेली असते. या सरळ प्रकारात गॅसला अडथळा कमी आणि आवाजाची तीक्ष्ण टोकं लोकर शोषून घेते, खालचा खर्ज तेवढा उरतो. मला तोच हवा होता. डबा जितका लांब, तितकी लोकर जास्त, म्हणून बंपरखाली मावेल तेवढा लांब डबा घेतला. पाइप ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा. मिस्त्रीने तुकड्याला चुंबक लावून दाखवलं: ३०४ ला तो चिकटत नाही, स्वस्तातल्या ४०९ ला चिकटतो आणि त्यावर वरवरचा गंजही लवकर धरतो. वळणं मँड्रेल बेंडची तयार आणली, म्हणजे वळणावर पाइप चेपत नाही.

या सगळ्यात एका गोष्टीचा विचार दुकानात कुणी केला नव्हता. आमच्याकडे हंगामात गाडी पहाटे निघते. असं इंजिन थंड असताना कॅट लवकर तापावा म्हणून चढ्या आरपीएमवर चालतं, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज नेमका पहाटे, गल्लीत, गाडी उभी असताना. शेजारच्या काकाजींनी आधीच सांगून ठेवलं होतं, "बाप्पा, गाडी लय चांगली हाये तुही, पण सकायी सकायी बैलं बुजवू नको." बुजलेला बैल दावं तोडतो, माणसाला लागतं. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतही रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत मर्यादा ४५ डेसिबलचीच आहे. म्हणून मफलर पक्का वेल्ड करण्याआधी फक्त टाके मारून घेतले आणि थंड गाडी पहाटे सुरू करून पाहिली. मी स्वतः गोठ्याशी उभा होतो. मोबाइलवरचं डेसिबल ॲप अचूक नसतं, पण तोच फोन, तीच जागा, तेच अंतर ठेवलं तर आधीचा आणि नंतरचा फरक कळतो. बैलांनी कान टवकारले, बुजले नाहीत.

पक्कं वेल्डिंग करताना मिस्त्रीने गाडीची बॅटरी सोडवून ठेवली. आर्गनच्या करंटने गाडीचा कॉम्प्युटर उडू नये म्हणून हे विसरून चालत नाही. गाडी चाकांवर उभी असताना रबरी हँगरांत पाइप सैल बसतो की नाही ते पाहिलं आणि बंपरपासून बोटभर अंतर राखलं, कारण तापल्यावर पाइप लांबतो. आमच्या रस्त्यांवरचे गतिरोधक लक्षात घेऊन डबा मूळ मफलरच्या पातळीखाली एक सूतही येऊ दिला नाही.

मोर्शी रस्त्यावर आवाज ऐकला आणि समाधान वाटलं. खाली घट्ट, वर मोकळा, आणि डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने गिअर टाकताना मधेच येणारा छोटासा भप्प. फटाके फोडणारी ट्यूनिंग करून घे, असं पोरं सांगत होती. ती मला मुळीच आवडत नाही. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जळतं आणि त्याने कॅट भाजून निघतो. तसला आवाज करणारे बुलेटचे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली घातल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेलेच आहेत.

अडचण निघाली ती समृद्धी महामार्गावर. १२० च्या आसपास, साधारण २७०० आरपीएमला, केबिनमध्ये एकसुरी घुमणं सुरू झालं. याला ड्रोन म्हणतात. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर आधीच सिमेंट काँक्रीटचा टायरनाद, त्यात हे. आईने मागच्या सीटवरून सांगितलं, "डोकं दुखून रायलं बाप्पा." मग गणित मांडलं. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. २७०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४५ फेरे, ९० स्फोट, म्हणजे ९० हर्ट्झ. या वारंवारितेचा आवाज मारायला एक बाजू बंद असलेली शाखा लाइनला जोडतात. तिची लांबी लाटेच्या पाव हिस्सा ठेवली की आत जाऊन परतलेली लाट मूळ लाटेच्या उलटी पडते आणि दोघी एकमेकींना खातात. मागच्या भागातल्या गरम गॅसमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ४५० मीटर धरला तर लांबी येते सव्वा मीटर.

मिस्त्रीला कागदावर आकडे दाखवले तेव्हा त्याने क्षणभर पाहिलं आणि विचारलं, "बंद टोक सरकतं ठेवू का, मंग जागेवर मिळवता येईन?" त्याने पाइपाला इंग्रजी J अक्षरासारखं वळण देऊन स्पेअर चाकाच्या खड्ड्याशेजारून शाखा फिरवली, टोकाला सरकणारं बूच बसवलं. थोडं आत, थोडं बाहेर करत घुमणं सर्वांत कमी झालं तिथे ते वेल्ड केलं. आता १२० ला आई मागे झोपते. ॲक्सिलरेटर दाबला की मात्र आवाज पूर्वीसारखाच उठतो, कारण शाखा फक्त तेवढाच पट्टा खाते.

मूळ मफलर गोणपाटात गुंडाळून गोदामात ठेवला आहे, गाडी विकताना किंवा कुणी हरकत घेतली तर परत बसवता येईल. क्लॅम्प तापून-थंड होऊन सैल पडतात, ते पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा आवळावे लागले. लोकर काही वर्षांनी जळून कमी होईल, म्हणून डब्याचं एक झाकण बोल्टचं करून घेतलं. आणि कुणी अशीच शाखा करणार असेल तर माझी सव्वा मीटर जशीच्या तशी कापू नका. मफलर किंवा पाइपाचा व्यास बदलला की घुमण्याचा आरपीएमही बदलतो. आधी आपल्या गाडीत बसून तो आकडा टॅकोमीटरवर नक्की करा, लांबी त्यावरून काढा आणि पाइप हातभर जास्तच आणा.