बॅकलेन रंगवण्याआधी

इंदूरमध्ये वॉर्ड दाखवायला निघालेले पार्षद, म्हणजे नगरसेवक, हल्ली पाहुण्यांना पुढच्या रस्त्यावर फार वेळ थांबवत नाहीत, थेट घरांमागच्या बॅकलेनमध्ये नेतात. त्यांचा अभिमान रास्त आहे. इंदूर २०१७ मध्ये स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि पुढेही येत राहिलं, त्याचा खरा कस या मागच्या गल्ल्यांतच लागतो. मात्र नवी गल्ली हाती घेणाऱ्या रहिवाशांनी दुसऱ्या वॉर्डातल्या भिंतीवरची चित्रं बघून सुरुवात करू नये. हे काम जमिनीखालून वर येतं.

मलबा उचलला की आधी ड्रेनेजचे सगळे चेंबर शोधा. एखादं सापडलं नाही, तर ते बहुधा कुणाच्या तरी वाढवलेल्या ओट्याखाली गेलेलं असतं. तिथे भांडण्यापेक्षा दोघा वडीलधाऱ्यांनी त्या घरी बसून बोललेलं बरं, आणि पार्षदांचा खरा उपयोगही इथेच होतो. मग वरच्या चेंबरमध्ये गेरू कालवलेलं तीन-चार बादल्या पाणी ओता आणि खालच्या चेंबरपाशी उभे राहा. लाल पाणी आलं नाही तर मध्ये लाइन तुंबली आहे. ते पावसाच्या नालीतून निघालं तर जोडणी चुकली आहे. ही चूक सर्रास आढळते. मोरीचं पाणी पावसाच्या नालीत सोडलं की ते शेवटी कान्ह किंवा सरस्वती नदीत जातं. नाल्यांत उघडी पडणारी घरांच्या सांडपाण्याची तोंडं बंद केली, म्हणूनच २०२१ मध्ये शहराला सांडपाण्याच्या नीट व्यवस्थेसाठीचं ‘वॉटर प्लस’ प्रमाणपत्र मिळालं.

चेंबरमध्ये माणूस उतरवू नका, अगदी पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. आतला वायू दिसत नाही आणि २०१३ च्या कायद्याने अशी सफाई करवून घेणं गुन्हा आहे. महापालिकेच्या ३११ या तक्रारींच्या ॲपवर तक्रार टाकून निगमचं (महापालिकेचं) मशीन मागवा.

यानंतर उताराकडे वळा. १० फूट रुंद गल्लीत दोन्ही भिंतींकडून मध्याकडे निदान एक-एक इंच उतार हवा आणि लांबीत दर १० फुटांना साधारण एक इंच. भिंतीकडे उतार गेला की पाणी घराच्या पायात मुरतं, आणि त्या घराचे लोक पुढच्या कुठल्याच कामाला हो म्हणत नाहीत. पेव्हर, म्हणजे फरसबंदीचे ब्लॉक, पायी वाटेसाठी ६० मिलिमीटर जाडीचे चालतात, गाडी जाणार असेल तर ८० चे घ्या. खाली कुटलेला मुरूम-गिट्टीचा थर आणि त्यावर इंच-दीड इंच वाळू. कडेला कर्बस्टोन (काठाचे दगड) नसतील तर ब्लॉक सरकतात, वाळू वाहून जाते आणि एका पावसाळ्यात खड्डे पडतात. चेंबरची झाकणं उचलून नव्या पातळीला आणा. ती पेव्हरखाली गाडली, तर पुढच्या वेळी अख्खी गल्ली खणावी लागते.

रंग सगळ्यात शेवटी. संडास-बाथरूमचे गळके पाइप आधी बदला, फुटलेला गिलावा भरा आणि त्याला २८ दिवस सुकू द्या. ओल्या भिंतीवर कितीही महाग रंग लावला तरी क्षार फुटून पोपडे पडतात.

आता ओल्या कचऱ्याचं. कचऱ्याची गाडी सहा प्रकारचा कचरा वेगळा नेते आणि देवगुराड्याच्या संयंत्रात रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी (इंधन म्हणून वापरायचा वायू) करण्याची सोय आहे. तरीही बगिच्यात खताचे हौद असावेत, कारण झाडलेली पानं जाळण्याचा मोह त्यामुळेच सुटतो. घरटी अर्धा किलो धरलं तर ४० घरांचा दिवसाला २० किलो कचरा होतो. त्याला प्रत्येकी एक मीटर लांब, रुंद, खोल असे तीन हौद पुरतात: एक भरतो, दुसरा मुरतो, तिसऱ्यातून खत निघतं. हौदाच्या विटांमध्ये फटी ठेवा आणि वर पत्रा टाका. एक टोपली ओल्या कचऱ्यावर दोन टोपल्या सुकी पानं घाला आणि आठवड्यातून एकदा खालीवर करा. मूठ दाबून बघा: हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. आंबूस वास आला तर पानं कमी पडली आहेत, ढीग थंड आणि कोरडा असेल तर पाणी शिंपडा. शिजवलेलं तेलकट अन्न टाकलंत तर उंदीर येणारच.

गणपतीत जमलेल्या निर्माल्यातून दोरे, प्लास्टिक, चमकी काढून पहिला हौद भरायला घ्या. संक्रांतीपर्यंत खत चाळणीला येतं. मग हळदीकुंकवाच्या वाणात प्रत्येकीला किलोभर पिशवी द्या आणि उरलेलं बॅकलेनच्या कुंड्यांत घाला.