बूस्ट आला की फटाका

मे महिन्याच्या शेवटी एक काका त्यांची टर्बो पेट्रोल गाडी घेऊन साताऱ्यात आमच्या गॅरेजला आले. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा. पुण्याहून येताना खंबाटकी घाटाच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की मागून फाट्ट करून आवाज, पिकअप एकदम खाली, सायलेन्सरमधून काळा धूर, आणि मागच्या सीटवर बसलेली नातवंडं घाबरून रडायला लागलेली. प्लग नवीन, कॉइल नवीन, इंजेक्टर क्लीन केलेले, त्या सगळ्याची बिलं काकांच्या हातात, आणि शेवटी कुणीतरी सांगितलेलं की टर्बोच गेलाय. "खरंच गेलाय का तेवढं नक्की सांगा, मग पैशाचं बघतो" असं ते म्हणाले. टर्बोची किंमत ऐकून माणूस झोपत नाही हो, मला त्यांचं टेन्शन कळत होतं.

आयडलला, म्हणजे पाय न दाबता नुसतं इंजिन चालू ठेवलं तर, गाडी एकदम गुळगुळीत. स्कॅनर लावला तर दोन कोड, पी०३०० म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, आणि पी०२९९ म्हणजे बूस्ट, टर्बोने दाबलेल्या हवेचं प्रेशर, कमी. हा दुसरा कोड बघूनच टर्बोवर बोट ठेवलं असणार, पण कोड फक्त प्रेशर कमी आहे एवढंच सांगतो, का कमी आहे ते आपण शोधायचं असतं.

आधी प्लग काढले. काजळी धरलेले, आणि फीलर गेज घातला तर गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, १.१ मिमी! या इंजिनला ०.७ लागतो, कुणीतरी बिनटर्बोच्या मॉडेलचे प्लग बसवलेले. बूस्ट आला की सिलिंडरमध्ये प्रेशर वाढतं आणि तेवढ्या दाबात ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे मोठ्या गॅपचा प्लग आयडलला मस्त चालतो आणि चढाला दगा देतो. बरोबर प्लग टाकले, हेल्परला शेजारी स्कॅनर धरून बसवलं आणि यवतेश्वरच्या घाटाला निघालो.

आवाज कमी झाला पण गेला नाही. मग पोरगा आकडे वाचायला लागला आणि खरी गोष्ट तिथं कळली. एअरफ्लो सेन्सर म्हणतोय भरपूर हवा आत आली, मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या पाइपातला, प्रेशर सेन्सर म्हणतोय नाही आली, १.९ बार मागितलेत आणि १.४ च्या आसपासच मिळतायत, आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा जो १ असला की हिशोब बरोबर, तो ०.७५ च्या खाली. म्हणजे हवा मोजली गेली, ईसीएमने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, त्या हिशोबाने पेट्रोल टाकलं, पण मधल्या वाटेत हवा बाहेर पडली. एवढं रिच, म्हणजे पेट्रोल जास्त झालेलं, मिक्श्चर नीट पेटत नाही, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरमधल्या हवेसकट तापलेल्या एक्झॉस्टमध्ये जातं आणि तिथं भडकतं. फाट्ट तो हाच.

गॅरेजला येऊन स्मोक मशीन लावली, ती पाइपांत धूर भरते आणि लीक असेल तिथून तो बाहेर येतो. कुठंच धूर नाही. पण स्मोक मशीनचं प्रेशर अगदीच कमी असतं, त्यामुळे मी तेवढ्यावर सोडलं नाही. आमच्याकडे पीव्हीसी पाइपच्या एंड कॅपला ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बसवून केलेला एक जुगाड आहे, तो टर्बोच्या तोंडाला क्लॅम्पने आवळला, इंजिनच्या आतली वाफ बाहेर काढणारा ब्रीदरचा पाइप बंद केला, ऑइलचं झाकण काढून ठेवलं आणि कॉम्प्रेसरमधून हळूहळू हवा सोडली. ०.५ बारपर्यंत काही नाही. ०.७ ला सूंऽऽ. साबणाचं पाणी मारत गेलो तर टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडून थ्रॉटलला, म्हणजे इंजिनच्या हवेच्या झडपेला, जाणाऱ्या होजच्या वळणावर, बरोबर खालच्या बाजूला फेस. तिथं बोटाच्या पेराएवढी चीर, हवा सोडली की माशाच्या कल्ल्यासारखी उघडायची आणि प्रेशर काढलं की मिटायची, इतकी की टॉर्च आणि आरसा घेऊनसुद्धा शोधावी लागत होती.

आता नवीन होज टाकून गाडी देता आली असती, पण होज तिथंच का फाटला? खाली एक ब्रॅकेट त्याला घासत होतं, आणि ते घासत होतं कारण इंजिन माउंट, म्हणजे इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार, दबून गेलेला, पाय दाबला की इंजिन कलंडायचं. माउंट तसाच ठेवला असता तर नवीन होजही काही महिन्यांत गेला असता, म्हणून दोन्ही बदलले. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून बघितला, प्ले म्हणजे ढिलेपणा नाही, ब्लेड स्वच्छ. पाइपमध्ये ऑइलचा पातळ थर होता पण तेवढा असतोच.

मला खरी काळजी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या जाळीच्या डब्याची होती. न जळलेलं पेट्रोल तिथं जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळून चोक होऊ शकते, मग टर्बोइतकंच मोठं बिल. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथं प्रेशर गेज लावला, २५०० आरपीएमला काटा जेमतेम हलला, म्हणजे धूर कुठं अडत नव्हता. वाचला होता.

आणि याच कारणासाठी, जी पोरं मुद्दाम फटाके वाजवायला ट्यून करून मागतात त्यांना मी सरळ नाही म्हणतो. रॅलीच्या गाड्यांमध्ये अँटीलॅगसाठी, म्हणजे पाय उचलला तरी टर्बो फिरता ठेवायला, एक्झॉस्टमध्ये मुद्दाम पेट्रोल जाळतात, पण त्या टीम टर्बो सारखे बदलत असतात. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला ते कशाला हवंय?

संध्याकाळी काकांनाच स्टिअरिंगला बसवून परत यवतेश्वर चढलो. तिसरा गिअर, पाय पूर्ण खाली, स्कॅनरवर १.९, एकदाही आवाज नाही. पुढच्या सर्व्हिसला कुणी परत चुकीचे टाकू नये म्हणून प्लगचा पार्ट नंबर आणि गॅप लिहून बॉनेटच्या आत चिकटवून दिला.