निरोप राहून गेला होता

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी उत्तर नागपुरातील एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) प्रभारी पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणून माझी नेमणूक झाली. आधीच्या पाळकसाहेबांची अकरा वर्षांच्या सेवेनंतर चंद्रपूरकडे बदली झाली होती आणि नवे पाळक येईपर्यंत उपासना, प्रभुभोजन, बाप्तिस्मे व घरभेटी मला सांभाळायच्या होत्या. कायमच्या जागेसाठी माझा विचार करू नये, हे मी पहिल्याच सभेत कमिटीला सांगितले होते. कारण ज्याला ती जागा हवी असते त्याच्यापाशी माणसे मन मोकळे करीत नाहीत.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी सहाला फोन वाजला. महिला मंडळातील एक आजी रात्री प्रभूच्या घरी गेल्या होत्या. त्यांचा मुलगा अडखळत म्हणाला, “साहेब, राग मानू नका, पण आई सांगून गेली आहे. तिची माती जुन्या साहेबांच्याच हातून व्हावी.”

बदली झालेल्या पाळकांनी जुन्या मंडळीत विधींसाठी येऊ नये, हा संकेत मला मान्य आहे, कारण तो पाळला नाही तर नव्या पाळकांना पाय रोवायला जागाच उरत नाही. पण ज्या घरात आई अजून उचललेली नाही, त्या घराला संकेत ऐकवायचा नसतो. मी स्वतःच जुन्या पाळकसाहेबांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुम्ही बोलावत असाल तर येतो. घरच्यांच्या बोलावण्यावरून येणार नाही.” घरी बायबलमधले स्तोत्र २३ त्यांनी वाचावे व प्रार्थना करावी आणि कबरस्तानातील विधी मी करावा, असे आमचे ठरले.

उन्हामुळे माती संध्याकाळी पाचला ठेवली होती. ते आले तेव्हा बर्फाच्या पेटीतले पाणी झिरपून उंबऱ्यापर्यंत आले होते. चपला काढून ते त्या ओल्या फरशीवर उभे राहिले आणि आतल्या बायकांचा हुंदका एकदम फुटला. पंचेचाळीस वर्षांच्या सेवेत मी अनेक घरांतले रडणे ऐकले आहे. हे रडणे केवळ आजींसाठी नव्हते, हे मला तिथेच उमगले.

रात्री आठला कमिटीची सभा आधीपासूनच ठरलेली होती. नवे पाळक कसे असावेत, याबद्दल बिशपसाहेबांना पाठवायच्या पत्राचा मसुदा समोर होता, पण सेक्रेटरी मसुद्याकडे न पाहता मला म्हणाले, “साहेब, तुम्ही त्यांना बोलावून अर्धी मंडळी पुन्हा त्यांच्या मागे लावलीत.” त्यांच्या रागाला मुळे होती. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, त्या स्कॉटिश मिशनच्या वळणात वाढलेली ही जुनी घराणी आहेत, आणि त्या वळणात पाळकाला मंडळीच बोलावते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. आता नेमणूक आणि बदली बिशपसाहेबांच्या हातून होते. मंडळीतल्या काहींनी जुन्या पाळकसाहेबांविरुद्ध तक्रार करावी, वरून बदलीचा आदेश यावा आणि बाकीच्यांना ते रविवारी कळावे, हे या घराण्यांच्या मनाला अजून झोंबत होते. तक्रारीवर सह्या करणारे आणि न करणारे त्या रात्री एकाच टेबलाशी बसले होते.

मी उत्तर दिले नाही. माझ्या मते अशा वेळी प्रभारी पाळकाने लवकर बोलणे ही मोठी चूक असते. काही वेळाने कमिटीतले एक वृद्ध सभासद, जे सभेत सहसा बोलत नसत, हळूच म्हणाले, “अकरा वर्षं राहिले ते. आदेश आला आणि आठवड्याभरात सामान हललं. आपण त्यांना साधा हार घातला नाही. दोन्ही बाजूंनी नाही.”

कूलरचा आवाज तेवढा चालू राहिला. कोणीही त्यांचे म्हणणे खोडले नाही. तक्रारीवर सही केलेले खजिनदार खाली मान घालून म्हणाले की, निरोपाची उपासना ठेवायला हवी होती आणि अजूनही ठेवता येईल.

बिशपसाहेबांच्या पत्राचा मसुदा पुढच्या सभेपर्यंत बाजूला ठेवण्याचे ठरले. निरोपाच्या उपासनेसाठी जूनमधला दुसरा रविवार निश्चित झाला. निमंत्रणाचे पत्र सेक्रेटरींनी स्वतः लिहायला घेतले आणि “आदरणीय पाळकसाहेब, सप्रेम सलाम” एवढे लिहून ते बराच वेळ पेन हातात धरून बसले.