आमची वाटचाल : ऑफिसच्या पार्टिशनपासून रियाजाच्या खोलीपर्यंत

आमचा मूळ धंदा फॉल्स सीलिंग आणि जिप्सम पार्टिशनचा. पुण्यातल्या ऑफिसांची कामं. 2020 च्या टाळेबंदीत ऑफिसं बंद पडली आणि ती थेट लोकांच्या घरात शिरली. एका खोलीत मीटिंग, दुसरीत मुलांची ऑनलाइन शाळा. 'खोली साउंडप्रूफ करून द्याल का?' असे फोन सुरू झाले. चॅनेल (फ्रेमच्या पत्र्याच्या पट्ट्या), जिप्सम बोर्ड, रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) हे सगळं सामान हाताखालचंच, मग उतरलो त्यात.

बऱ्याच घरांत आधीच भिंतीला फोम चिकटवलेला असतो. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, शेजाऱ्याला काही फरक पडत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. काही जण भिंतीला लावतात त्या अंड्यांच्या ट्रेबद्दल तर बोलायलाच नको.

आम्हाला खरं शिकवलं ते कोथरूडच्या एका तबलाशिक्षकांच्या खोलीने. तबल्याच्या चाटीचा, म्हणजे काठावरचा टणक आवाज अडतो हो, पण डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताच्या मोठ्या तबल्याची घुमक चार इंची भिंतीला दाद देत नाही. जुन्या भिंतीला कुठेही न टेकणारी सुटी फ्रेम उभी केली. आत 50 मिमी रॉकवूल, वर 12.5 मिमी बोर्डाचे दोन थर, सांध्यावर सांधा येऊ न देता. कडा सीलंटने बंद. मग रात्री दिवे घालवून आतून बॅटरी मारली. जिथून उजेड दिसतो तिथून आवाज जाणारच! एसीच्या पाइपचं भोक आणि दाराखालची फट, दोन्ही पकडली गेली. दाराला भरीव फळी, गॅस्केट (कडेची रबरी पट्टी) आणि खाली ड्रॉप सील, म्हणजे दार लावलं की उतरून फट बुजवणारी पट्टी, बसवलं. हवेसाठी आतून अस्तर लावलेला वाकडा डक्ट काढला, कारण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. खोली मात्र आक्रसली. शिक्षकांच्या घरातल्या काकूंचं कपाट बसेना, ते हॉलमध्ये गेलं.

'शून्य आवाज' अशी हमी आम्ही कुणालाच देत नाही. दहा डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. तेवढ्यात भागत असेल तर जास्त खर्च करू नका, असं आम्हीच सांगतो. काम कमी होतं म्हणून आमचे सुतार कुरकुरतात.

हल्ली रस्त्याकडच्या खिडक्यांचं काम वाढलंय. सरकत्या खिडक्या काढून गॅस्केटवर दाबून बसणारी झडप आणि लॅमिनेटेड (दोन काचांत प्लास्टिकचा थर असलेली) काच. गणपतीच्या आधी त्याचीच धांदल असते, त्यामुळे पूर्ण खोलीची नवी कामं त्या दिवसांत घेत नाही.