घाटातून सरकून आलेली पाइपांची मोळी

मिरग तोंडावर आला की रत्नागिरीत पत्रे आणि पाइपांसाठी एकच घाई सुटते. मेअखेरच्या त्या दिवशी मिरजोळे एमआयडीसीजवळच्या आमच्या यार्डात कोल्हापूरहून ट्रक आला, त्यात दोन इंची जीआय (जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडी) पाइपांच्या मोळ्या होत्या. आंबा घाटाच्या वळणांत वरची एक मोळी सरकून डाव्या फाळक्याला टेकली होती. मोळीवर सहा पोलादी पट्ट्या होत्या. टोकाकडच्या ढिल्या पडल्या होत्या आणि मधल्या दोन तारेसारख्या ताणल्या होत्या.

"तोडा की पट्ट्या, मालक. पाइप आपसूक खाली येत्यात," ड्रायव्हर म्हणाला.

तेच टाळायचं होतं. सहा मीटरचा दोन इंची मध्यम पाइप साधारण ३० किलोचा असतो. षटकोनी मोळीत ३७ पाइप, म्हणजे ११०० किलोच्या वर वजन, आणि ते सगळं फाळक्यावर आणि त्या दोन पट्ट्यांवर आलेलं. १९ मिमी रुंदीची जाड पट्टी टनाभर ताण सहन करते. ती कापली की तो ताण दोन्ही टोकांतून एका क्षणात सुटतो आणि मागोमाग पाइप घरंगळतात. पट्टीला हात लावण्याआधी भार कुणावर आहे ते पाहावं, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्यांदा शिकवतो. लाकडी काठीने पट्टी दाबून बघायची. दबली तर ती भार घेत नाही, दबलीच नाही तर तिच्यावर भार आहे.

दुसरी तपासणी सीलची, म्हणजे पट्टीची दोन टोकं जोडणाऱ्या पत्र्याच्या क्लिपची. आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत गंज बहुतेक वेळा सीलच्या खाली, पाणी अडकून राहतं तिथे सुरू होतो. वरून रंग शाबूत दिसतो आणि आतून पट्टी पातळ झालेली असते. या मोळीच्या एका ताणलेल्या पट्टीला सीलच्या कडेने तांबूस रेघ होती. ती उचलताना तुटेल असं धरूनच पुढची तयारी केली.

मोळी आधी हायड्राने, म्हणजे फिरत्या क्रेनने, खाली घेतली. उचलायचे वेबिंगचे (जाड विणलेल्या कापडाचे) दोन पट्टे मोळीखालून घातले. पोलादी पट्टीत हूक कधीच अडकवत नाही, ती बांधायला असते, उचलायला नव्हे. यार्ड जांभ्याच्या कातळावर आहे आणि एका अंगाला किंचित उतार आहे, म्हणून सपाट जागा शोधून तीन जाड लाकडी ओंडक्यांवर मोळी ठेवली. दोन्ही बाजूंना प्रत्येक ओंडक्यावर पाचर ठोकली. मग मोळीभोवती दोन रॅचेट बेल्ट (दांडीने दात-दात घट्ट होणारे पट्टे) आवळले. इथवर सगळा वेळ गेला आणि तो जायलाच हवा, कारण आता पट्टी सुटली तरी पाइप बेल्टच्या ताब्यात राहणार होते.

कापायला लांब दांड्यांचा पट्टी कटर घेतला. त्याचा खालचा जबडा चपटा आणि बोथट असतो, तो पट्टीखाली सरकतो आणि मालाला ओरखडा पाडत नाही. आधी त्याचा मधला बोल्ट पाहिला. तो ढिला असेल तर पाती एकमेकांपासून फाकतात, पट्टी कापण्याऐवजी त्यांच्यात दुमडते, आणि अर्धवट कापलेली ताणलेली पट्टी तर सर्वांत वाईट. जाड पट्टीसाठी पत्रा कापायची कात्री नको, तिच्या दांड्या आखूड असल्याने हात पट्टीच्या जवळ जातात. छिन्नी-हातोड्याने पट्टी तुटते ती हातासमोरच. पहारीने उचकटली तर सील उडतं. ग्राइंडर लावला तर ठिणग्या उडतात, जस्ताचा लेप जळून धूर होतो, शिवाय ताण सुटताना चकती अडकते.

ताणलेल्या पट्टीखाली जबडा कसा घालणार? षटकोनी मोळीच्या सपाट अंगावर पट्टी पाइपांच्या माथ्यांवरून जाते. दोन माथ्यांच्या मधे खोबण असते, तिथे जबडा सहज बसतो. सीलपासून निदान वीतभर लांब, पट्टीला काटकोनात कापायचं. तिरकं कापलं तर टोक भाल्यासारखं होतं.

उभं कुठे राहायचं यावर मी सर्वांत जास्त आग्रह धरतो. पट्टी मोळीला आडवी असते, कापली की तिची टोकं त्याच आडव्या रेषेत, उजवीकडे-डावीकडे आणि वर उसळतात. त्या रेषेत कापणाऱ्याचं अंगही नको आणि बघ्याचंही. टोकाकडच्या पट्ट्या पाइपांच्या टोकाशी उभं राहून कापता येतात. मधल्यांसाठी बाजूला यावंच लागतं, तेव्हा रेषेपासून हातभर सरकून उभं राहायचं आणि कटर तिरपा न धरता हात लांब करायचे. पट्टीच्या रेषेत दोन्ही बाजूंना चार-पाच मीटर मोकळं ठेवलं होतं. फेसशील्ड, त्याखाली गॉगल, चामडी हातमोजे, पूर्ण बाह्या, सेफ्टी शूज. चप्पल घालून आलेल्या दोघांना आम्ही लांब उभं केलं.

टोकाकडच्या चार पट्ट्या एकेक करून कापल्या, प्रत्येकीनंतर थांबून पाचर आणि बेल्ट पाहिले. मधल्या दोघींवर, कापायची जागा तेवढी सोडून, ओली गोणपाटं टाकली. पहिली कापली तेव्हा गोणपाट फूटभर उडालं, पाइप मात्र जागेवर राहिले. गंजकी पट्टी शेवटी कापली. मग दोन माणसांनी दोन्ही बेल्टचे रॅचेट एकाच वेळी, थोडे थोडे सोडले. पाइप बोटभर पसरले आणि पाचरींना टेकून थांबले.

पॉलिएस्टरच्या हिरव्या पट्टीलाही हेच नियम लावा. ती मऊ दिसते, पण पोलादापेक्षा कितीतरी जास्त ताणली जाते आणि कापली की तीही उसळते.

तुकडे लगेच उचलले. पट्टी जमिनीवर राहिली तर पाय अडकतो, टायर फाटतो. फूट-दीड फुटाचे तुकडे करून, टोकं आत दुमडून पत्र्याच्या पिंपात टाकले, भंगारवाला ते किलोवर नेतो. एकाच्या मनगटाला हातमोज्याच्या वर टोक निसटतं लागलं होतं. जखम साबणाच्या पाण्याने धुतली आणि शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते त्याला आठवत नव्हतं, म्हणून त्याला तसंच दवाखान्यात पाठवलं.