सर्व्हरचा सातबारा

चिपळूणमधल्या एका पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं काम मी वर्षाच्या करारावर बघतो. सर्व्हर, राउटर, पासबुक प्रिंटर, हजेरीचं अंगठ्याचं मशीन, जे काही वायरीला लागलंय ते सगळं माझ्या माथी. 11 डिसेंबर 2021, दुसरा शनिवार, संस्था बंद. मॅनेजर साहेबांना फोन करून शटर उघडायला सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "पाणी शिरलं काय परत?"

थट्टा नव्हती ती. त्याच वर्षी 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घुसलं होतं. सर्व्हरच्या खोलीत भिंतीवरची चिखलाची रेघ माझ्या खांद्याच्या वर आहे, रंग देऊनही दिसते. जुना सर्व्हर गाळातून काढला तेव्हा त्याच्या पंख्यात पासबुकाची पानं अडकलेली होती. बॅकअप दुसऱ्या शाखेत होता म्हणून निभावलं. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस पुण्याहून आला आणि त्याने नव्या मशीनवर सगळं घाईघाईत उभं केलं. कुठून काय आणून टाकलं याची नोंद कोणी ठेवली नाही. ठेवणार कोण? ठेवी मोडायला लोक दारात उभे होते आणि त्यांच्या घरात चूल पेटवायला कोरडी जागा नव्हती.

तर त्या शनिवारचं कारण होतं लॉगफोरजे. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम चालताना काय काय घडलं, कोण लॉगिन झालं, कुठे चूक आली, हे लिहून ठेवणारा हा भाग. फुकट मिळतो, उत्तम चालतो, म्हणून जगभर असंख्य सॉफ्टवेअरच्या पोटात असतो. 2013 साली त्यात एक सोय घातली गेली. नोंदीच्या मजकुरात विशिष्ट पद्धतीने एखादा पत्ता लिहिलेला असेल, तर हा भाग त्या पत्त्यावर जाऊन तिथली माहिती घेऊन येई. म्हणजे परक्या माणसाने नावाच्या रकान्यात तशी एक ओळ टाकायची. सर्व्हर ती लिहिता लिहिता त्याच्याच मशीनवर जाणार, तिथला प्रोग्राम आणणार आणि चालवणार. पासवर्ड नको, काही नको. पोरं खेळतात त्या माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ लिहूनसुद्धा सर्व्हर ताब्यात घेता येत होता. अलिबाबा क्लाउडच्या चेन झाओजुन यांनी 24 नोव्हेंबरला हे लॉगफोरजे ज्यांच्या छत्राखाली आहे त्या अपाचे संस्थेला कळवलं आणि 10 डिसेंबरला जगभर बोभाटा झाला. तीव्रता 10 पैकी 10.

माझ्यापुढचा प्रश्न एवढाच, की आपल्याकडे हे आहे का?

ठेवी आणि कर्जाच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये सापडलं, पण जुनी 1.2.17 आवृत्ती. त्या पिढीची देखभाल 2015 मध्येच बंद झाली, मात्र हा दोष तिच्यात नाही. इतकं जुनं वापरतो याची एरवी लाज वाटली असती. त्या दिवशी मी हात जोडले. यूपीएसवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र नवं, म्हणजे दोष असलेलं निघालं. ते सरळ काढून टाकलं. बॅटरी किती मिनिटं टिकेल हे सांगायला जावा कशाला लागतो, हे मला आजही कळलेलं नाही.

राहिली पिग्मी. आमचे एजंट दिवसभर बाजारात फिरून हातातल्या मशीनवर पैसे नोंदवतात आणि संध्याकाळी मोबाइलच्या नेटवरून ते आकडे सर्व्हरला पाठवतात. त्यासाठी सर्व्हरचं एक पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचं दार, बाहेरच्या जगाला उघडं. फाइलच्या नावाने शोधलं तर काहीच मिळेना. मग त्या प्रोग्रामची मोठी जार फाइल, म्हणजे जावाच्या फाइलींचं गाठोडं, उचलली, कॉपी करून तिला झिपचं नाव दिलं आणि उघडली. आत आणखी दीडशेच्या आसपास जार. त्यात लॉगफोरजे कोअर 2.13.3, दोष असलेलीच आवृत्ती.

कंपनीला फोन लावला. सपोर्टचा मुलगा म्हणाला, "सर, आम्ही लॉगफोरजे वापरतच नाही. तसा मेल करतो तुम्हाला."

मी फाइलचं नाव वाचून दाखवलं. पलीकडे नुसता कीबोर्डचा आवाज. मग म्हणाला, "सर, आम्ही टाकलं नाहीये. रिपोर्टसाठी एक लायब्ररी घेतलीय ना, तिच्याबरोबर आलंय."

तो खोटं बोलत नव्हता. प्रोग्राम लिहिणारा एका फाइलमध्ये आपल्याला हव्या त्या पंधरा-वीस लायब्रऱ्यांची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार भागांची, नावं लिहितो. मेव्हन नावाचं साधन त्या उतरवून घेतं, मग त्यांना लागणाऱ्या, मग त्या लागणाऱ्यांना लागणाऱ्या. शेवटी आत काय काय आलं ते कोणी वाचत नाही. वाचायचं कारणही नसतं, कारण सगळं चालत असतं.

साहेब मागे खुर्चीत बसून ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे आमच्या सातबारासारखं." त्यांच्या गावच्या सामायिक जमिनीच्या उताऱ्यावर साठेक नावं आहेत. निम्मे मुंबईला, काही वारलेले आणि वारसनोंद नाही, एक आत्या कुठे दिली होती तेच कोणाला आठवत नाही. आंबे सगळे खातात; सही लागली की शोधाशोध. "पण अरे, आमच्याकडे निदान उतारा तरी आहे. तुमच्यात तोही नाही?"

नव्हता. अमेरिकन सरकारने त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या पुरवठादारांकडून अशी घटकांची यादी मागायचं ठरवलं होतं, आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेची त्यावरची मार्गदर्शक तत्त्वं 2024 मध्ये आली. चिपळूणला त्या शनिवारी यादी म्हणजे मी एकेक जार उघडून वहीत लिहिलेली.

मग पिग्मी सर्व्हरच्या नोंदी बघितल्या आणि पोटात गोळा आला. शुक्रवारी मध्यरात्रीनंतर, ब्राउझरचं नाव असतं त्या जागी डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस, जेएनडीआय (त्या पत्त्यावर जायच्या सोयीचं नाव) आणि पुढे कुठल्यातरी परदेशी मशीनचा आकडी पत्ता. चिपळूणच्या पतसंस्थेशी कोणाचं वैर नव्हतं. उघडं दिसेल ते प्रत्येक पोर्ट यंत्रं आपोआप चाचपत चालली होती. राउटरच्या नोंदीत त्याच मिनिटाला दुसरी ओळ होती. आपला सर्व्हर त्या पत्त्याच्या 1389 पोर्टवर जायला निघाला होता. पुढे 'ड्रॉप'. पुरानंतर राउटर नवा बसवताना सर्व्हरला बाहेर जायला ठराविक पत्त्यांचीच मुभा ठेवली होती, तेवढ्यावर अडलं. त्या दोन ओळी मी साहेबांना बोट ठेवून दाखवल्या. ते म्हणाले, "सोमवारी पिग्मी कागदावर."

पुण्याचा मुलगा सुट्टी असून फोनवर थांबला. लॉगफोरजेच्या जारमधून तो पत्त्यावर जाणारा क्लास, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, तेवढा उडवायचा आणि जार परत मोठ्या फाइलमध्ये ठेवायची, पण न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, नाहीतर प्रोग्राम सुरूच होत नाही. हे त्याने आधी सांगितलं म्हणून माझा अर्धा दिवस वाचला. तरी पोर्ट आम्ही बंदच ठेवलं. बरं केलं. दुरुस्तीची 2.15 आवृत्ती आली होती, तिच्यात खोट निघून 13 तारखेला 2.16, त्या आठवड्याअखेर 2.17. पावतीबुकं बघून जुने एजंट खूश होते.

जेवताना साहेबांनी विचारलं, "हे लिहिणारी कंपनी कुठली? नोटीस पाठवता येईल?" कंपनी नाही, म्हटलं. दिवसा आपापली नोकरी करून उरल्या वेळात सांभाळणारी मूठभर माणसं आहेत. ती भानगडीची सोय त्यांना स्वतःलाही नकोशी होती. जुन्या वापरकर्त्यांचं काही मोडू नये म्हणून ठेवलेली. आता झोप सोडून दुरुस्त्या करतायत आणि वर शिव्या खातायत. 2014 मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचा दोष निघाला तेव्हाही हीच तऱ्हा. जगभरच्या बँकांच्या वेबसाइटचं कुलूप ज्याच्यावर, त्या प्रकल्पाला वर्षाला देणग्या मिळत होत्या 2000 डॉलरच्या आसपास. साहेबांनी रुपयांत हिशेब केला. "जेमतेम दीड लाख. बाजारातला आपला एक एजंट महिन्याला याहून जास्त गोळा करतो."

जानेवारीत कंपनीच्या देखभालीच्या कराराचं नूतनीकरण आलं. साहेबांनी सही अडवून धरली, आधी यादी द्या म्हणाले. एक्सेलमध्ये आली, आणि ते पेन घेऊन ओळीओळीने विचारत बसले, "हा कोण? हा जिवंत आहे ना?" काहींची शेवटची आवृत्ती कित्येक वर्षांपूर्वीची होती.

मग त्यांच्या डोक्यात आलं, की हे फुकट सांभाळणाऱ्या लोकांना संस्थेतर्फे पाच हजार रुपये पाठवावेत. लेखापरीक्षकांनी विचारलं, बिल कुठाय? बिल नाही. करार? नाही. मागणीपत्र? तेही नाही, मागितलेच नाहीत कोणी. मग खर्च टाकू कुठल्या शीर्षाखाली? धर्मादायमध्ये बसेना, दुरुस्ती-देखभालीत बसेना. विषय संचालक मंडळाच्या सभेत 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' यात घातलाय. दरवेळी कर्जप्रकरणंच संपत नाहीत.